भामरागड: परमुलखातील वास्तव्याचे तीन प्रश्न

विदर्भात तीर्थयात्रेला निघालेली जैन कुटुंबे चंद्रपूर जिल्ह्यात येतात ती बहुधा भद्रावतीपर्यंत. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन घ्यावे, धर्मशाळेत रात्र काढावी, सवड असल्यास वरोऱ्याचे आनंदवन पाहावे आणि परतावे, असा क्रम ठरलेला असतो. त्याच वाटेने दक्षिणेकडे चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी ओलांडून वैनगंगेकाठच्या आष्टीला पोहोचले की गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला आहे. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती ऐकून लाकडाचे व्यापारी पूर्वीपासून येथवर येत. त्यापुढे पेरमिली, ताडगाव, हेमलकसा अशी साठ-पासष्ट किलोमीटरची जंगलवाट तुडवली म्हणजे भामरागड येते.

गावाच्या अंगणात तीन नद्या एकत्र येतात. पर्लकोटा आणि पामुलगौतमी येथे इंद्रावतीला मिळतात आणि इंद्रावती पुढे गोदावरीकडे जाते. पलीकडचा काठ छत्तीसगडचा. उन्हाळ्यात हा संगम शांत, वाळूच्या पट्ट्यांनी भरलेला दिसतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी चढले की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात बाजारपेठेतील दुकानांत पुन्हा पुन्हा पुराचे पाणी शिरले. अशा गावात दुकान मांडणाऱ्याला धान्य, मीठ, तेल आणि औषधे पाऊस सुरू होण्यापूर्वीच भरून ठेवावी लागतात.

या दूरच्या गावाची आठवण आज करण्याचे कारण निराळे आहे. पुणे, मुंबई, सांगली, नाशिक येथील अनेक व्यापारी घरांत सध्या एकच चर्चा चालते. दुबईचा दहा वर्षांचा परवाना घ्यावा काय, अमेरिकेतील मुलाने आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करावा काय, युरोपात घर घेऊन तेथे राहण्याचा हक्क मिळवावा काय, आणि हे सारे केल्यावर कर किती वाचेल? परमुलखात जाऊन राहणाऱ्यापुढे कोणते प्रश्न खरोखर उभे राहतात, हे समजून घेण्यासाठी भामरागडचा बाजार फार उपयोगी पडतो.

बाजारातला परका

भामरागड हा माडिया गोंडांचा मुलूख. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमाती म्हणून केंद्र सरकारने नोंदल्या आहेत. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून माणसे पायी येतात. डोक्यावरच्या टोपल्यांत मोहफुले, चारोळी, हिरडा, डिंक, चिंच असतात. परत जाताना मीठ, कापड, साबण, भांडी आणि लोखंडी अवजारे असतात. माडिया, तेलुगू, छत्तीसगडी आणि मराठी अशा भाषा एकाच ओळीतील पालांवर ऐकू येतात. दुकानदार बहुतेक बाहेरून आलेल्या कुटुंबांतील. कोणी चंद्रपूरकडून, कोणी गोदावरीपलीकडून, कोणी त्याहून दूरचे.

या व्यापाराचा जुना इतिहास अभिमानाने सांगावा असा सर्वस्वी नाही. मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात मिठाच्या बदल्यात चारोळी घेण्याची रीत दीर्घकाळ चालली. चारोळी शहरात सुकामेव्याच्या भावाने विकली जाई आणि मीठ हे मीठच असे. ज्याच्या अंगणात झाड होते, त्याला या दोन वस्तूंच्या किमतींतील अंतर ठाऊक नव्हते. ज्याला ठाऊक होते, तो परका होता. वन प्रदेशातील व्यापाऱ्यांविषयी शासनाने पुढे जे कडक कायदे केले, त्यांचे मूळ या तराजूत आहे.

श्रावकाला येथे आणखी एक विचार करावा लागतो. शास्त्रकारांनी श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, वनकर्म, लाक्षावाणिज्य आणि रसवाणिज्य यांची नावे आहेत. कोळसा पाडणे, जंगल तोडणे, लाखेचा व्यापार, मध आणि मद्य यांचा व्यापार हे त्यांचे अर्थ. जंगलाच्या बाजारात नजरेला पडणाऱ्या मालापैकी बराचसा या यादीत बसतो. मोहफुलांचा प्रश्न तर दुहेरी आहे. ती माडियांचे अन्नही आहे आणि दारूचा कच्चा मालही. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. परमुलखात जाण्यापूर्वी तेथे कोणता धंदा करायचा नाही हे ठरवावे लागते, याची जाणीव या बाजारात पावलोपावली होते.

राहता येते, जमीन घेता येत नाही

भारताच्या राज्यघटनेतील १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा हक्क दिला आहे. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूर येथे बाहेरच्या भारतीयालाही आंतररेषा परवाना लागतो. नागालँडमधील दिमापूर शहर, जेथे जैन व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आणि मंदिर आहे, तेही २०१९ मध्ये या परवान्याच्या कक्षेत आले. भामरागडला असा परवाना लागत नाही. पुण्याचा माणूस उद्या तेथे जाऊन राहू शकतो. परंतु त्याच अनुच्छेदात अनुसूचित जमातींच्या हितासाठी या हक्कावर वाजवी बंधने घालण्याची मुभा आहे आणि भामरागड पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात मोडते. पाचव्या अनुसूचीनुसार राज्यपालांना आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण आणि त्यांच्याशी होणारी सावकारी यांवर नियम करता येतात.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकत घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी आणि राज्य शासनाची मान्यता लागते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत देण्याची तरतूद केली. १९७६ च्या कायद्याने आदिवासी विकास महामंडळामार्फत एकाधिकार खरेदी सुरू झाली. ठरावीक क्षेत्रांत, ठरावीक माल खाजगी व्यापाऱ्याने आदिवासीकडून विकत घेण्यास बंदी आली. १९९६ च्या पेसा कायद्याने गावच्या बाजाराचे व्यवस्थापन, गौण वनोपजाची मालकी आणि सावकारीवरील नियंत्रण ही ग्रामसभेची कामे मानली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर वास्तव्याची मुदतच सांगितली. आदिवासी नसलेल्या माणसाला वनहक्क मागायचा असेल, तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्याचे कुटुंब मुख्यतः वनात राहून वनावरच जगत असल्याचे दाखवावे लागते. दुकानावर जगणारे कुटुंब या कसोटीला उतरत नाही, मग त्याच्या कितीही पिढ्या तेथे गेल्या असोत.

याच पर्लकोटेच्या वरच्या अंगाला, आज छत्तीसगडात असलेल्या पखांजूर-परलकोट भागात, १९५८ च्या दंडकारण्य प्रकल्पाने पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना जमिनी देऊन वसवले. गडचिरोलीतील मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतही बंगाली निर्वासितांची गावे आहेत. परदेशातून उघड्यावर आलेल्या माणसाला राज्याने जमीन दिली आणि स्वदेशातील सधन व्यापाऱ्याला तीच विकत घेण्यास मनाई केली. दोन्ही निर्णयांमागे राज्याची स्वतःची कारणे होती. व्यापाऱ्याची ऐपत हे त्यांतले कारण नव्हते.

करात मात्र भामरागडच्या दुकानदाराला वेगळेपणा नाही. मुंबईच्या व्यापाऱ्याला लागू असणारा आयकर आणि वस्तू व सेवा कर त्यालाही तसाच लागू आहे. म्हणजे त्याला राहण्याची पूर्ण मोकळीक आहे, जमिनीचा हक्क जवळजवळ नाही आणि कराची जबाबदारी पूर्ण आहे. राहण्याची परवानगी, मालकीचा हक्क आणि कराचे बंधन या तीन गोष्टी एकमेकींपासून अलग आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही आणि एक चुकवली म्हणून दुसरी चुकत नाही. भामरागडच्या व्यापाऱ्याला हे रोजच्या व्यवहारातून कळते. परदेशी निघालेल्या कुटुंबाला ते बहुधा उशिरा कळते.

परवाना दुबईचा, हिशोब कोणाचा?

संयुक्त अरब अमिरातींचा गोल्डन व्हिसा २०१९ पासून दिला जातो. २० लाख दिरहम किमतीची स्थावर मालमत्ता घेणाऱ्याला आता तो दहा वर्षांसाठी मिळतो. साधा निवास परवाना सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास सामान्यतः रद्द होतो. गोल्डन व्हिसाला ती अट नाही. याच सवलतीमुळे घोटाळा होतो. परवाना हातात आहे, वर्षातून एकदा दुबईला जाऊन येता येते, तेथे व्यक्तीच्या उत्पन्नावर कर नाही, तेव्हा आता कर संपला, अशी समजूत होते.

परवाना हा राहण्याच्या परवानगीचा कागद आहे. करदृष्ट्या माणूस कोठला रहिवासी, हे दिवसांवरून ठरते. अमिरातींच्या २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार बारा महिन्यांत १८३ दिवस तेथे राहिलेला, किंवा निवास परवाना असून ९० दिवस राहिलेला आणि तेथे कायमचे घर अथवा नोकरी-धंदा असलेला माणूस करदृष्ट्या तेथील रहिवासी मानला जातो. भारताच्या आयकर कायद्यातही मूळ कसोटी दिवसांचीच आहे. आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला माणूस येथील रहिवासी. परदेशी स्थायिक झालेला भारतीय नागरिक भेटीसाठी आला आणि त्याचे परदेशी उत्पन्न वगळून उरलेले उत्पन्न १५ लाख रुपयांहून अधिक असेल, तर २०२० च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा १२० दिवसांवर येते. मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस त्याने येथे काढलेले असले म्हणजे झाले. लग्ने, पर्युषण, दिवाळी आणि आजारी आईवडिलांची शुश्रूषा यांत १२० दिवस कधी भरतात ते कळतही नाही.

त्याच दुरुस्तीने आणखी एक कलम आले. भारतीय नागरिकाचे असे उत्पन्न १५ लाखांहून अधिक असेल आणि निवासाच्या कारणाने तो जगात कोठेच कर देण्यास पात्र नसेल, तर तो भारताचा रहिवासी मानला जातो. त्याच्या सर्व परदेशी उत्पन्नावर लगेच कर बसत नाही, परंतु भारतातून चालवल्या जाणाऱ्या धंद्याचे परदेशी उत्पन्न त्याच्या हिशोबात धरले जाते. कोठेच रहिवासी न राहण्याची युक्ती भारतीय नागरिकाला आता पूर्वीसारखी साधत नाही.

व्यापारी घरांत यापुढची गाठ असते ती एकत्र कुटुंबाची. हिंदू अविभक्त कुटुंब या नात्याने जैन घरेही कर भरतात. कर्ता दुबईला गेला म्हणून कुटुंब अनिवासी होत नाही. त्याच्या कारभाराचे नियंत्रण संपूर्णपणे परदेशात गेले असेल, तरच ते अनिवासी ठरते. धाकटा भाऊ येथे बसून निर्णय घेत असेल, तर घर येथलेच. परदेशात नोंदवलेल्या कंपनीलाही असाच न्याय आहे. वार्षिक उलाढाल ५० कोटी रुपयांहून अधिक असलेल्या कंपनीचे महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात भारतात होत असतील, तर ती भारताची रहिवासी मानली जाऊ शकते. पाटी दुबईत, गादी पुण्यात, अशी रचना कायद्याच्या नजरेत पुण्याची ठरू शकते.

तशात अमिरातीही पूर्णतः करमुक्त राहिलेल्या नाहीत. १ जानेवारी २०१८ पासून तेथे पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे आणि जून २०२३ पासून ३ लाख ७५ हजार दिरहमांवरील व्यावसायिक नफ्यावर नऊ टक्के कर सुरू झाला. दुबईत परदेशी माणसाला जमीन-घराची पूर्ण मालकी मिळते तीही नेमून दिलेल्या भागांतच. थायलंडमध्ये दहा वर्षांचा दीर्घ मुदतीचा परवाना २०२२ पासून मिळू लागला, पण परदेशी व्यक्तीला तेथे जमीन आपल्या नावावर घेता येत नाही. सिंगापूरने एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराच्या घरावर किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क लावले आहे. भामरागडच्या सातबाऱ्यावर जो प्रश्न आहे, तो जगातील श्रीमंत शहरांतही आहे. प्रत्येक भूमी आपल्या लोकांसाठी काही राखून ठेवते.

अमेरिकेचा प्रकार उलट आहे. तेथे ग्रीन कार्ड हा राहण्याचा भक्कम हक्क आहे. परंतु ते हातात आले की जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या करकक्षेत येते, मग माणूस वर्षातील किती दिवस तेथे राहिला हा प्रश्न उरत नाही. मुलाच्या आग्रहाखातर कार्ड घेतलेल्या आईवडिलांना येथील ठेवींचे व्याज, दुकानाच्या भागीदारीतील हिस्सा आणि भाड्याचे उत्पन्न तेथे दाखवावे लागते. अमेरिकेबाहेरील बँक खात्यांत मिळून वर्षात केव्हाही १० हजार डॉलरांहून अधिक रक्कम असेल, तर त्याची माहिती वेगळी द्यावी लागते. नातवंडांजवळ सहा महिने राहण्यासाठी साधा अभ्यागत परवाना पुरेसा असताना कार्ड घेणे, हा हक्क मिळवताना बंधन न पाहण्याचा प्रकार आहे.

आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. परकीय चलनविषयक कायद्यानुसार अनिवासी भारतीयाला आणि ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळाल्यास ती ठेवता येते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय कार्डाने मताधिकारही मिळत नाही. म्हणजे परदेशाचा हक्क पक्का करत असताना माणूस आपल्याच जन्मगावी, सातबाऱ्यापुरता का होईना, परका होतो.

नियम बदलतात तेव्हा

परवान्यावरील मुदत दहा वर्षांची असली, तरी नियमांचे आयुष्य तेवढे असेलच असे नाही. पोर्तुगालने २०१२ मध्ये घर घेणाऱ्या परदेशीयांना निवासाचे दार उघडले आणि २०२३ मध्ये घरखरेदीचा तो मार्ग बंद केला. नवागतांना दहा वर्षे मिळणारी करसवलत २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी संपवली. स्पेनने आपला गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये बंद केला. ब्रिटनने गुंतवणूकदारांचा व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये थांबवला आणि परदेशातील उत्पन्नावर करसूट देणारी दोनशे वर्षांहून जुनी व्यवस्था एप्रिल २०२५ पासून मोडीत काढली. घरांच्या किमती वाढल्या, स्थानिक तरुणांना घरे मिळेनाशी झाली, असे आक्षेप दक्षिण युरोपात उभे राहिले. ज्यांनी आमंत्रण दिले होते, त्यांच्याच मतदारांनी ते मागे घ्यायला लावले.

जैन समाजाला याहून कठीण अनुभव आहे. पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेल्या ओसवाल कुटुंबांनी मोंबासा आणि नैरोबीत दुकाने, मंदिरे, शाळा उभ्या केल्या. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा तेथील आशियाई लोकांना नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. अनेकांनी ब्रिटिश पारपत्र अधिक सुरक्षित मानले. १९६७ च्या व्यापार परवाना कायद्याने नागरिक नसलेल्यांना ठरावीक शहरी भागांबाहेर आणि ठरावीक वस्तूंचा व्यापार करण्यास मनाई केली. ज्या ब्रिटिश पारपत्रावर भिस्त होती, त्यावर ब्रिटनने १९६८ च्या कायद्याने प्रवेशाचे निर्बंध घातले. चार वर्षांनी, १९७२ मध्ये, युगांडात इदी अमीन यांनी आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवस दिले. घर, दुकान, पेढी मागे राहिली. माणसे एका पेटीनिशी निघाली.

भामरागडची एकाधिकार खरेदी आणि केनियाचा व्यापार परवाना यांना एकाच तागडीत घालता येणार नाही. एक कायदा लुबाडल्या गेलेल्या दुर्बलाच्या रक्षणासाठी होता, दुसऱ्यात नव्या राष्ट्राचा रोष मिसळला होता. तरीही दोन्हीकडे परक्या व्यापाऱ्याविषयी एक समान तक्रार ऐकू येते: तो येथे कमावतो, पण येथला होत नाही. ही तक्रार प्रत्येक वेळी न्याय्य असते असे नाही. ती वाढू लागली की कायदा मागोमाग येतो, हे मात्र इतिहासात वारंवार दिसते.

दिग्व्रत आणि राज्याचा कर

परदेशगमनाचा विचार जैन आचारशास्त्राला नवा नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेला, किती अंतरापर्यंत आपण जाऊ आणि व्यवहार करू, याची मर्यादा आयुष्यासाठी घालून घेणे हे त्याचे स्वरूप. देशावकाशिक व्रताने ती मर्यादा काही काळापुरती आणखी आकसून घेतली जाते. उपासकदशांगातील आनंद श्रावक मोठा व्यापारी होता. त्याने व्रते घेताना दूरदेशी जाणाऱ्या पाचशे गाड्या आणि स्थानिक वाहतुकीच्या पाचशे गाड्या अशी मर्यादा ठरवली. व्यापार सोडला नाही. तो कोठवर न्यायचा हे आधी ठरवले. दिग्व्रताच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी आणि घातलेल्या मर्यादेचा विसर पडणे हे दोन दोष सांगितले आहेत. भारतातील वास्तव्याचे दिवस न मोजणाऱ्या आजच्या प्रवासी व्यापाऱ्याला त्यांतील दुसरा दोष सहज समजावा.

त्याहून थेट मार्गदर्शन अस्तेय व्रतात मिळते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात चोरी न करण्याच्या व्रताचे पाच अतिचार आहेत. खोटी मापे वापरणे आणि मालात भेसळ करणे यांच्या सोबतीला तेथे विरुद्धराज्यातिक्रम बसवला आहे. राज्याचे नियम डावलून व्यवहार करणे असा त्याचा अर्थ घेतला जातो आणि कर चुकवणे त्यात येते, असे विवेचक सांगतात. मीठ आणि चारोळीचा तराजू आणि दोन देशांच्या मधल्या फटीत लपवलेले उत्पन्न, हे दोन्ही एकाच व्रताच्या विरोधात जातात. कायद्याने दिलेली सूट घेणे, दुहेरी करआकारणी टाळणाऱ्या करारांचा लाभ घेणे यात दोष नाही; भारत आणि अमिराती यांच्यात असा करार १९९३ पासून अमलात आहे. खोटे वास्तव्य दाखवणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. कायदाही याबाबत कठोर आहे: २०१५ च्या काळ्या पैशाविषयीच्या कायद्याने परदेशातील लपवलेल्या मालमत्तेवर तीस टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड ठेवला आहे.

म्हणून परवान्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने निर्णयाचा क्रम बदलून पाहावा. आज बहुधा प्रथम कर पाहिला जातो, मग घराची किंमत, आणि शेवटी तेथे राहणार कोण हे ठरते. योग्य क्रम याच्या उलट असावा. कुटुंबातील कोण, वर्षातील किती दिवस, कोणत्या कामासाठी तेथे खरोखर राहणार, हे प्रथम ठरवावे. वृद्धांची सेवा, मुलांचे संस्कार, मंदिर आणि साधर्मिकांचा सहवास यांची सोय पाहावी. नंतर त्या देशात काय मालकीचे होऊ शकते आणि परत यावे लागले तर ते सोडवून आणता येईल काय, हे तपासावे. परवान्याच्या अटी उद्या बदलल्या तरी कुटुंबाचा उदरनिर्वाह चालेल, एवढी तजवीज स्वदेशी ठेवावी. यानंतर दोन्ही देशांतील सीएंना एकत्र बसवून कराचा हिशोब करावा आणि प्रवासाच्या तारखांची वही ठेवावी. भारतातून निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. ती मर्यादाही कुटुंबातील कोणाच्या नावे, कोणत्या कारणासाठी वापरायची, हे लिहून ठेवलेले बरे.

हेमलकसा

भामरागडच्या अलीकडे, पर्लकोटेचा पूल येण्यापूर्वी, हेमलकसा लागते. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तरुणपणी येथे आले, तेव्हा वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि माडिया माणूस या पांढरपेशा परक्यांजवळ यायला कचरत होता. त्यांनी प्रथम माडिया भाषा शिकून घेतली. रुग्ण येऊ लागले. १९७६ मध्ये निवासी शाळा सुरू झाली. त्या शाळेतून शिकलेली माडिया मुले डॉक्टर, शिक्षक आणि वकील झाली. २००८ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परक्या माणसाला त्या मुलुखाने आपले मानले ते अशा दीर्घ वास्तव्यानंतर.

प्रत्येक व्यापारी कुटुंबाने सेवाव्रती व्हावे, अशी अपेक्षा येथे नाही. व्यापाऱ्याने प्रामाणिक व्यापार केला तरी त्या भूमीची सेवाच होते. पण जेथे दहा वर्षांचा परवाना घ्यायचा, तेथील भाषा मुले शिकतील काय, तेथील शाळा-रुग्णालयांना कुटुंबाचा काही हात लागेल काय, तेथील नोकरांना योग्य वेतन मिळेल काय, तेथील कर वेळेवर भरला जाईल काय, हे प्रश्नही हिशोबाच्या वहीत लिहिण्यासारखे आहेत. अँटवर्पजवळच्या विलरिक येथे संगमरवरी जिनमंदिर उभे राहिले, कोबे शहरात १९८५ मध्ये मंदिर झाले. हिरे आणि मोती यांच्या व्यापारासाठी गेलेली कुटुंबे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, म्हणूनच ती मंदिरे उभी राहू शकली.

विदर्भाच्या यात्रेला निघालेल्या कुटुंबांनी हिवाळ्यात दोन दिवस जास्त काढून भद्रावतीहून पुढे यावे. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, रस्ता सोयीचा असतो. आलापल्लीत मुक्काम करून सकाळी निघाले तर दुपारपर्यंत हेमलकसा आणि भामरागड पाहून होते. चौविहार पाळणाऱ्यांनी परतीच्या वाटेवरच्या जेवणाची सोय बरोबर ठेवावी. बाजाराच्या दिवशी पोहोचता आले तर थोडी चारोळी थेट माडिया बाईकडून विकत घ्यावी आणि ती सांगेल तो भाव द्यावा.